हे झालं की येतो जेवायला

शनिवार, २३ ऑगस्ट

मिळाली एकदाची खोली! आणि खोली म्हणजे खुराडं नव्हे. चारकोपच्या सेक्टरातल्या बैठ्या घरावर चढवलेला अख्खा मजला, बाहेरून लोखंडी जिना. खाली दारात तुळस, जास्वंद आणि कोणाची तरी गंजत पडलेली सायकल. मालाडच्या ऑफिसातून शेअर रिक्षात बसले की घरी. ऑफिसातल्या पोरींना फोटो पाठवले तर त्यांना वाटलं मी नेटवरून उचललेत.

एजंटबरोबर महिनाभर वणवण केली. सगळीकडे आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग भिंतीवर कोणाचा फोटो लावणार ते. इथल्या मालकीणबाईंनी एवढंच विचारलं की मासे खातेस ना? खाते म्हटल्यावर किल्ली हातात. वाशीमच्या पोरीला मासे कितपत कळणार, पण ते मी बोलले नाही.

त्यांचं नाव शकुंतला, गल्लीत सगळे शकु मावशी म्हणतात. मूळच्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्याशी साधं मराठी बोलतात, पण घाईत किंवा रागात असल्या की मालवणी सुरू होते. दुपारी वर सामान लावत होते तर खालून आरोळी आली, "सपनाऽऽ, जेवक ये गो!" मी जिन्यातच थबकले. आश्रमशाळेत आणि पुढे हॉस्टेलवर जेवणाची घंटा व्हायची. मला नावाने जेवायला बोलावलेलं कधी आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि मग स्वतःचाच राग आला. एका हाकेवर रडायला काय झालं!

खाली तीन पानं वाढलेली. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. तिसरं पान झाकून ठेवलेलं होतं. मला वाटलं कोणी यायचं असेल, पण कोणी आलं नाही. आमचं उरकल्यावर मावशींनी ते झाकण न काढताच उचललं आणि संध्याकाळी गल्लीतल्या मांजराला घातलं. विचारायचं धाडस झालं नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती. अर्धा सेक्टर कोकणात गेलाय, गल्लीत दुपारी चिटपाखरू नसतं. शेजारच्या जयाकाकू मागे राहिल्यात कारण त्यांच्या सुनेचे दिवस भरत आलेत. मावशीही गावी गेल्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, कॉम्प्युटरला एकटं टाकून कशी जाऊ? मी फिस्सकन हसले. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

आज त्यांनी आतली खोली उघडली. मुलाची, त्यांच्या भाषेत झिलाची, चैतन्यची. गेल्या वर्षीच्या जुलैत गेला. सत्ताविसाव्या वर्षी, खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय बंद पडून. खोलीत खाट, टेबल, पुस्तकं आणि चालू असलेला कॉम्प्युटर. तो गेल्यापासून बंद केलेला नाही. वीज गेली तर म्हणून मावशींनी इन्व्हर्टर घेतलाय आणि त्याची वायर फक्त ह्या खोलीत आलीय. स्वतःच्या पंख्याला नाही.

चैतन्य सर्व्हर सांभाळायचं शिकत होता, परीक्षा होती. सरावासाठी त्याने व्हर्च्युअल मशीन केलेलं. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर, स्क्रीनवरच्या एका चौकोनात चालणारा. त्या खोट्या कॉम्प्युटरवर तो ऑपरेटिंग सिस्टीम टाकत होता. मावशी जेवायला बोलवायला निघाल्या तर त्याने आतूनच त्यांच्या फोनवर व्हॉइस मेसेज धाडला. तो मेसेज त्यांनी मला ऐकवला. हसरा, जरा कुरकुरणारा आवाज. "आई, हे झालं की येतो जेवायला. हाका मारू नको."

म्हणून मावशींनी हाक मारली नाही. पान वाढून, झाकून बसून राहिल्या. भात निवून गेला तेव्हा आत जाऊन पाहिलं. मला सांगताना एकदम मालवणीवर आल्या, "हाक मारूक व्हयी होती माका." एवढंच पुन्हापुन्हा. मी त्यांचा हात धरून बसले.

तो चौकोन अजून तिथेच आहे. गोल गोल फिरणारे ठिपके आणि खाली एकसष्ट टक्के. मावशी म्हणतात, तो गेला तेव्हा हा आकडा याहून कमी होता. म्हणजे ते होतंय, हळूहळू होतंय. झालं की तो येणार जेवायला. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला वेडं म्हणवेना.

रविवार, ३१ ऑगस्ट

जयाकाकूंकडून दहाव्याची गोष्ट कळली. आमच्या बौद्धांच्या घरात हे नसतं, म्हणून मी खोदून विचारलं. दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिलीय असं धरून एकेक नातेवाईक पुढे होऊन शब्द देतो, तुझ्या आईला बघू, तुझी गाडी विकणार नाही, असं. चैतन्यच्या वेळी कठड्यावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं, मागच्यांना जागा हवी होती. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. मावशी तेवढ्या उठेनात. तो जेवूक नाय, तो जेवूक नाय, म्हणत राहिल्या.

मावशींनी मला आजच विचारलं, तू कॉम्प्युटरमधली ना, हे लवकर होईल असं काही करता येतं का? सर्वपित्रीच्या आत झालं तर बरं. सर्वपित्रीला गेलेल्यांचं पान वाढतात.

मी त्यांना खरं ते सांगितलं. बरोबर उपाय एकच. हे मधेच थांबवायचं, खोट्या कॉम्प्युटरला जास्त मेमरी आणि प्रोसेसरचा जास्त वाटा द्यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. चहा होईपर्यंत काम फत्ते. मी माऊसला हात लावला मात्र, मावशी माझ्या आणि टेबलाच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. मी हात मागे घेतला.

मग न थांबवता जे करता येईल ते केलं. कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं तर पंख्यावर गोधडी होईल इतकी धूळ. तापलं की मशीन स्वतःच हळू चालतं, म्हणून ती काढली. वीज वाचवायची सोय चालू होती, ती बंद केली. अँटिव्हायरस त्या चौकोनाची फाइल सारखी चाळत बसलेला, त्याला गप्प केलं. आकडा हलला नाही. मग ड्राइव्ह बघितला आणि कपाळावर हात मारला. काठोकाठ भरलेला! खोटा कॉम्प्युटर जसजसा भरतो तशी त्याची फाइल फुगते, आणि तिला फुगायला जागाच नाही. खरं तर अशा वेळी तो मेसेज देऊन थांबतो. हा कसा रांगत राहिला, हे मला कळलेलं नाही.

मावशींना एवढंच सांगितलं की त्याला जागा करून द्यावी लागेल.

शनिवार, ६ सप्टेंबर

झकास! आधी फालतू फाइली काढल्या, मग त्याने उतरवलेले सिनेमे, मग गेम. डिलीट करायचा अवकाश, आकडा सरकतो. सकाळी सदुसष्ट, जेवणापर्यंत पंच्याहत्तर. मावशी माझ्या मागे स्टूल टाकून बसलेल्या, आकडा बदलला की माझ्या पाठीत धपाटा. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिलाच नव्हता. दुपारी घावणे आणि नारळाचा रस केला, मला आग्रह करकरून वाढला. किती दिवसांनी मला कोणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटलं.

अंगणातल्या त्या सायकलवरून चैतन्य सिनेमाच्या फाइली आणायला मित्राकडे जायचा, मागच्या चाकात चप्पल अडकवून ब्रेक मारायचा, अशी एकेक गोष्ट सांगत होत्या. ऐकता ऐकता मला तो आवडायला लागलाय. जिवंत असता तर माझ्याशी कडकडून भांडला असता.

रविवार, ७ सप्टेंबर

काढण्यासारखं सगळं संपलं. आता उरलेत त्याचे फोटो आणि व्हिडिओ, ढीगभर. मी म्हटलं, हे राहू दे. मावशी म्हणाल्या, फोटो घेऊन काय करू, तो येणार असेल तर? आणि मग मालवणीत, "सगळा घे, पण तेका जेवक धाड."

मी म्हटलं काळजी नको, आधी कॉपी करून घेते. माझ्या पोर्टेबल ड्राइव्हवर सगळं उतरवलं, दोनदा तपासलं, मगच डिलीट. माझं कामच ते आहे. दिवसभर एकेक फोटो बघत बसलो. पहिलीचा गणवेश. आंगणेवाडीच्या जत्रेत बापाच्या खांद्यावर. कॉलेजात मिशा फुटल्यावरचा. मावशी प्रत्येकाची हकिगत सांगायच्या, मग मान हलवायच्या आणि मी बटण दाबायचे. ब्याऐंशी टक्के.

मी ऑफिसात असले तरी काम अडू नये म्हणून त्यांना शिकवून ठेवलं. फाइल निवडायची, ही दोन बटणं एकदम, मग एंटर. लगेच जमलं. मी त्यांना शाबासकी दिली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पितृपक्ष लागलाय. मावशी त्याला म्हाळ म्हणतात.

आज जेवताना मी जत्रेचा विषय काढला, चैतन्य बापाच्या खांद्यावर बसून हरवला होता तो. हरवला म्हणजे तो खांद्यावरच होता आणि मावशी त्याला गर्दीत शोधत होत्या. परवा सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागलेला. आज माझ्याकडे बघत राहिल्या. "आमी खंय गेलाव?" असं विचारलं. मी सांगितलं तर म्हणाल्या, नाही गो, चैतन्यला आम्ही जत्रेला कधी नेलाच नाही.

वय झालंय, म्हटलं. सत्त्याऐंशी टक्के.

गुरुवार, ११ सप्टेंबर

चित्त थाऱ्यावर नाही, तरी नीट लिहिते.

मावशींना आठवण द्यावी म्हणून माझा ड्राइव्ह काढला. जत्रेचा फोटो आहे. मंडप आहे, दिव्यांच्या माळा आहेत, बाप आहे. बापाने दोन्ही हात वर करून कोणाचे तरी पाय धरलेत. पाय नाहीत. खांद्यावर कोणी नाही. पुढचा फोटो उघडला. वर्गाचा. सगळी पोरं दाटीवाटीने उभी आणि दुसऱ्या रांगेत एकाची मोकळी जागा. बाजूच्या पोराने त्या मोकळ्या जागेच्या गळ्यात हात टाकलाय. वाढदिवसाच्या फोटोत केक, मेणबत्त्या, टाळ्या वाजवणारी माणसं, आणि फुंकायला कोणी नाही.

सगळे तसेच. एकही सुटला नाही. मी दोनदा तपासलं होतं.

मावशींना आता त्याची शाळा आठवत नाही. त्याला काय आवडायचं ते आठवत नाही. आम्ही जे डिलीट केलं ते त्यांच्यातून गेलंय. जागा करून द्या म्हणाले होते मी. ही जागा आम्ही कशातून काढत होतो?

शनिवार, १३ सप्टेंबर

सगळं सांगून टाकलं. पाया पडले, म्हटलं थांबवा, राहिलाय तेवढा तरी ठेवा. मावशी शांतपणे ऐकत होत्या. त्यांना हरवल्याचं दुःखच नाही, कारण काय हरवलं ते आठवायला हवं ना. आठवतं ते एवढंच, की आतलं काम पुरं व्हायचंय आणि कोणीतरी जेवायचं राहिलंय. मला म्हणाल्या, किती घाबरतेस गो, खुळी. माझ्या केसांना तेल लावून दिलं.

काल मी ऑफिसात असताना त्यांनी व्हिडिओ काढून टाकलेत. सगळे. मी शिकवलेली दोन बटणं. त्र्याण्णव.

सोमवार, १५ सप्टेंबर

जयाकाकूंना नातू झाला. पेढे द्यायला आल्या होत्या. मी त्यांना दारातच धरलं, म्हटलं काकू, चैतन्यच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता ना?

कोण चैतन्य, म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशींचा मुलगा. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. शकुला मूलबाळ कुठे होतं, म्हणाल्या. तेवढ्यात मावशी बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जयाकाकूंना हसून म्हणाल्या, "असा कसा म्हणतस? माका एकच चेडू, सपना."

एक क्षण, खोटं कशाला लिहू, एक क्षण मला आनंद झाला. आयुष्यभर कोणीतरी मला आपली मुलगी म्हणावं म्हणून मी थांबले होते. मग वर जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. त्याची जागा रिकामी करून मी त्यात बसलेय.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मला कसा आठवतो मग? दिवसभर हाच विचार. कारण मी त्याला पाहिलंच नाही. माझ्याकडे त्याचं पुसण्यासारखं काही नव्हतंच. मावशींनी सांगितलेलं तेवढं माझं आहे, आणि ते कुठल्या फाइलीत नाही.

ऑफिसला दांडी मारून आतल्या खोलीत गेले. एकच फोटो उरलाय. गोराईच्या खाडीकडे बघत उभा असलेला चैतन्य. निळा चौकटीचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, मानेवर वाढलेले केस. पाठमोरा. मित्राने मागून काढला असावा.

बाकी सगळं गेलं. माऊस आणि कीबोर्ड उपटून वर आणले, माझ्या गादीखाली ठेवले. मावशींच्या फोनमधला तो व्हॉइस मेसेज अजून आहे. फोनही काढून घेतला. आता ह्या दोन गोष्टी मी जाऊ देणार नाही.

अठ्ठ्याण्णव.

गुरुवार, १८ सप्टेंबर

काही न काढताही आकडा सरकतोय. नव्व्याण्णव.

आज स्विचबोर्डवर हात ठेवून उभी होते. एक खटका. एवढंच. पण सगळं देऊन झालंय. त्याची शाळा, जत्रा, मिशा, आवाज, सगळं आत गेलंय. आता बंद केलं तर ते कुठे जाईल? मावशींनी आपलं पोर फुकट दिलं असं होईल. आणि चालू ठेवलं तर—

मला नाही जमलं. हात काढून घेतला.

मावशी अजून तीन पानं वाढतात. तिसरं कोणाचं, विचारलं. वाढायची पद्धत असा, म्हणाल्या. कोणाचं ते सांगता येईना. मग उगाचच रडू लागल्या. का रडू येतंय ते त्यांना कळेना, पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिल्या.

शनिवार, २० सप्टेंबर

कॉम्प्युटरचा पंखा थांबला. इतक्या दिवसांची घरघर बंद. आत गेले.

झालंय. चौकोन आता सबंध स्क्रीनभर. काळा. मधे एक पांढरी पट्टी, नाव विचारणारी. नवीन सिस्टीम विचारते तशी, कोण वापरणार, नाव लिहा. रेघ लुकलुकतेय.

मी काही लिहिलं नाही. दार ओढून घेतलं.

गोराईचा फोटो आतच होता. मी तो— अजून आहे की नाही ते बघायचं विसरूनच गेले मी.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. भर दुपार. ऊन इतकं की अंगणातल्या फरशीकडे बघवत नाही.

मावशींनी सगळं रांधलंय. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. तीन पानं. मी खाली ओट्यापाशी बसून लिहितेय, हाताला दुसरं काही सुचत नाही.

पुढच्या दारात कोणीतरी उभं आहे.

पाठमोरं. निळा चौकटीचा शर्ट. मानेवर केस.

मावशी बाहेर डोकावल्या. ओळख नाही. जराही नाही. "कोण रे बाबा तू? उपाशी असस?" इतक्या मायेने विचारलं. तो वळला नाही. फक्त आवाज आला, तोच, तसाच हसरा, कुरकुरणारा— आई, हे झालं की येतो जेवायला. हाका मारू नको.

झालंय रे, पुटपुटले मी. झालंय सगळं. ये ना.

पुन्हा तेच. आई, हे झालं की येतो जेवायला. हाका मारू नको. त्याच्याकडे दुसरं वाक्यच नाही. आम्ही दुसरं ठेवलंच नाही.

कावळे आलेत. पत्र्यावर ओळीने बसलेत. एकही ओरडत नाही.

मावशी पान हातात घेऊन उंबऱ्याशी उभ्या. त्याच्या पाठीकडे बघतायत. पोरगो उन्हात उभो असा, म्हणतात, पाठमोरो कित्याक? कोणाचो तरी झील असतलो. आवस वाट बघत असतली. पान कलतंय, खीर सांडतेय.

आई, हे झालं की येतो—

मला म्हणतायत, सपना, तुका ठावक असात तर तेका नावान हाक मार गो. नावान बोलावल्याशिवाय कोण कसो आत येतलो.

नाव मला ठाऊक आहे. ह्या घरात आता फक्त मलाच.

हाका मारू नको, तो म्हणतो. त्या दिवशीही म्हणालाच होता. आणि ही बाई बसून राहिली, आणि भात निवला—

मी मारली हाक. चैतन्य. मोठ्याने, जिन्यापर्यंत जाईल अशी. चैतन्य, जेवायला ये.

आवाज थांबला.

वळतोय. हळूहळू वळतोय. आधी खांदा, मग कान— मावशी हसतायत, पान पुढे करतायत— मावशी मागे या, मावशी बघू नका, समोरून काढलेला त्याचा एकही फोटो आम्ही ठेवला—